कापडांचे गाणे

मित्रांनो, लोक मला जुनी म्हणतात आणि ते खरेच आहे. मी पायाने चालवायची शिलाई मशीन. माझ्या काळ्या अंगावर एके काळी सोनेरी वेलबुट्टी होती. हात लागून लागून ती पुसली गेली. आता फक्त मागच्या बाजूला, जिथे कुणाचा हात पोहोचत नाही, तिथे थोडी पाने उरली आहेत. बाकीची मी कशी झिजले, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, थंड केले, घासले, रंगवले. तपासणाऱ्या माणसाने एका चिंधीवर शिवण घालून पाहिली, मान हलवली आणि मला पुढे ढकलले. ती माझी पहिली शाबासकी. मग मी दुकानात काचेआड उभी राहिले. एके दिवशी एक नवे जोडपे आले. नवरा दुकानातले कापड बोटांनी चाचपत राहिला. बायको मात्र सरळ माझ्यापुढे बसली, चप्पल काढली आणि पायडलवर अनवाणी पाय ठेवले.

"हिचा ताल चांगला आहे," ती म्हणाली.

"आपण मशीन घ्यायला आलोय की ढोल?" नवरा म्हणाला.

"दोन्ही," ती म्हणाली. आणि मी त्यांच्या घरी आले.

घर लहान होते. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. खोलीच्या मधोमध कापड बेतायचे लांब टेबल. खिडकीपाशी मी. खिडकीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे चर्च. नवरा टेबलापाशी उभा राहून खडूने आखायचा आणि कापायचा. कापलेले भाग एकत्र बांधून तो गाठोडे माझ्याकडे सरकवायचा. ती शिवायची. तो कधी मशीनवर बसला नाही, तिने कधी कात्री धरली नाही. गल्लीतली पोरे त्यांना कात्रीकाका आणि सुईकाकू म्हणायची. पुढे मोठी माणसेही तसेच म्हणू लागली.

काकूंना गाणी सुचायची, आणि ती माझ्यावर बसल्यावरच सुचायची. सगळी देवाची गाणी. खांद्याची शिवण छोटी, तर ओळही छोटी. बगलेची शिवण लांब, तर ओळ तेवढी लांब चालायची. शिवण संपली की ओळ संपायची. सुई कापडात रुतवून काकू कापड वळवायच्या, तेवढा श्वास घ्यायच्या आणि पुढची ओळ सुरू करायच्या. त्यांनी कधी काही लिहून ठेवले नाही. रविवारी चर्चमध्ये त्या म्हणायच्या आणि ऐकून ऐकून मंडळी शिकायची. काका मात्र गात नसत. चर्चमध्ये सगळे उभे राहिले की तेही उभे राहायचे आणि नुसते ओठ हलवायचे.

"निदान आवाज तरी काढा," काकू म्हणायच्या.

"मी आवाज काढला तर आधी पाळकसाहेब चर्च सोडून जातील, मग देव."

काकांना एकच नाद होता, घडी घालायचा. संध्याकाळी उरलेले कापड ते काठाला काठ जुळवून, हाताने दाबून, घडी घालून फळीवर ठेवायचे. कुणी जेवायला बोलवो, दारात गिऱ्हाईक उभे राहो, आधी घडी.

"जग बुडायला लागलं तरी तुम्ही आधी घडी घालाल आणि मग पळाल," काकू म्हणायच्या.

"पळणाऱ्यानं पसारा का ठेवावा?" काका म्हणायचे.

देवावरूनही त्यांची थट्टा चालायची. एकदा काकांनी पाळकसाहेबांकडून ऐकले की प्रभूच्या अंगरख्याला शिवण नव्हती, तो वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला होता. घरी आल्या आल्या ते काकूंना म्हणाले, "ऐकलंस? तुझ्या देवानं आपल्या पोटावर पाय दिला. सगळे असा अंगरखा घालायला लागले तर शिंप्यानं काय खायचं?"

काकू सुईत दोरा ओवत होत्या. त्या म्हणाल्या, "त्याचा एकसंध होता. आपण सगळे फाटलेले आहोत. काम भरपूर आहे, काळजी करू नका."

त्या बोलण्यातूनच मोठे गाणे जन्माला आले.

चर्चच्या गायकवृंदाला नवे पांढरे झगे हवे होते. गायनमास्तर स्वतः कापड घेऊन आले. चांगला माणूस, पण घाईचा. बसायला सांगितले तरी उभा राहून बोलायचा. काकांनी झगे कापले आणि काकू शिवू लागल्या. शिवता शिवता त्या प्रभूच्या अंगावर कधी कोणते कापड होते ते गाऊ लागल्या. पहिले कापड जन्माच्या वेळचे.

आला देव माझ्या घरी, अंगी नव्हता सदरा;
फडक्यात गुंडाळले, पोर कापे थरथरा.

मग त्या आजारी बाईचे कडवे, जी गर्दीतून वाट काढत मागून आली आणि जिने प्रभूच्या वस्त्राला नुसता हात लावला.

गर्दीमधे एक बाई धरी वस्त्राची रे कड;
थांबलास तिच्यासाठी, वाटली ना तुला जड.

मग तो रुमाल, जो कमरेला बांधून प्रभूने शिष्यांचे पाय धुतले.

कंबरेला रुमाल रे, हाती भांडे ते घेतले;
धनी असून वाकून माझे पाय तू धुतले.

आणि मग तो अंगरखा. शिपायांनी प्रभूला वधस्तंभावर चढवले आणि फाडायला जिवावर आले म्हणून त्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या.

बिनशिवणीचा झगा सोडतीने कुणी नेला;
उघडा तू, देवा, तेव्हा माझ्यासारखा दिसला.

हे कडवे पहिल्यांदा म्हटले तेव्हा काकांची कात्री थांबली. "माझ्यासारखा?" ते म्हणाले. "देव?"

"मग?" काकू म्हणाल्या. "कपडे काढले की राजा कोण नि शिंपी कोण, कळतं का? आपलं माप घेऊनच आला होता तो."

चर्चमध्ये हे गाणे सगळ्यांना आवडले. दूधवाली आजी खास खिडकीशी येऊन म्हणाली, "पोरी, तुझा देव माझ्या ओळखीचा वाटतो गं." त्या दिवसांत माझ्या अंगाला तेल होते, पट्टा ताठ होता आणि मी स्वतःला गायकवृंदातलीच समजत होते.

शेवटचे कडवे मात्र अडले. शेवटचे कापड म्हणजे प्रभूला थडग्यात ठेवताना गुंडाळलेले. तो उठून गेल्यावर ते तिथेच राहिले. काकू पुन्हा पुन्हा सुरुवात करायच्या आणि थांबायच्या.

"नुसतं पडलेलं कापड," त्या म्हणायच्या. "आत अंगच नाही. त्याला गाऊ कसं?"

"होईल," काका म्हणायचे. "अजून एक झगा बाकी आहे."

तो झगा अर्धा झाला होता. खांदे जोडून झाले होते आणि एक बगल निम्म्यावर होती, तेव्हा काकू उठल्या, "जरा पडते" म्हणाल्या आणि आत गेल्या. दवाखाना झाला, औषधे झाली. त्या पुन्हा माझ्यापाशी बसल्या नाहीत.

मित्रांनो, माणूस गेल्यावर घरात काय होते ते मी खिडकीपाशी उभी राहून पाहिले. लोक येतात, बसतात, जातात. मग एक दिवस कुणी येत नाही. तो दिवस सगळ्यात जड. काकांनी त्या दिवशी एक चादर आणली आणि माझ्यावर टाकली. झगा तसाच माझ्या सुईखाली होता. सुई कापडात रुतलेली. त्यांनी ती वरही केली नाही.

मग ते पुन्हा कापू लागले, कारण पोट कुणाला चुकत नाही. शिलाईचे काम दुसऱ्या गल्लीतल्या शिंप्याकडे जाऊ लागले. उरलेल्या कापडाच्या घड्या बंद झाल्या. टेबलाखाली बोळे साचले. चादरीवर इस्त्रीचे कपडे आले, त्यावर रद्दी आली. माझा पट्टा सुकून चिरला, सुईला गंज चढला. रविवारी चर्चची घंटा व्हायची आणि काका खिडकी लावून घ्यायचे.

त्यांची मुलगी दर आठवड्याला येऊन डबे भरून ठेवायची. तिने एकदा विषय काढला. "बाबा, मशीन देऊन टाकू या का कुणाला? नुसती अडगळ झालीये. तुम्हाला बघून त्रास होतो."

"त्रास मला होतोय ना? मग राहू दे."

"आणि चर्च?"

"त्याच्याशी मी बोलत नाही सध्या," काका म्हणाले. त्याच्याशी म्हणजे कुणाशी, ते मुलीने विचारले नाही.

मग एका दुपारी गायनमास्तर आले आणि चक्क बसले.

"काका, झगे घालून गाणं म्हणायचं ठरलंय. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी," ते म्हणाले. "काकूंचंच गाणं. पण एक झगा कमी आहे आणि एक कडवं कमी आहे. थडग्यापाशी आणून गाणं तसंच सोडायचं म्हणजे... तर मी म्हटलं, शेवटी एखादं नेहमीचं, सगळ्यांना येणारं कडवं जोडू. आणि एक जण साध्या कपड्यांत उभा राहील. त्याला मागच्या रांगेत उभं करू."

काकांनी हातातला खडूचा तुकडा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तिच्या गाण्याला ठिगळ लागणार नाही. झगाही होईल आणि कडवंही होईल."

"कोण करणार?"

"मी."

"काका, राग मानू नका, पण तुम्ही गात नाही."

"शिवतही नाही," काका म्हणाले. "दोन्ही शिकतो. तुम्ही निघा आता, मला काम आहे."

मास्तर गेल्यावर काकांनी रद्दी उतरवली, कपडे उतरवले, चादर ओढून काढली. किती दिवसांनी मला उजेड दिसला! त्यांनी चाक फिरवून माझी सुई वर केली. सुईचा गंज कापडावर उतरून एक तांबूस ठिपका पडला होता. त्यावर त्यांनी बोट ठेवले, मग झगा काढून टेबलावर ठेवला. बाजारात जाऊन नवा पट्टा, नव्या सुया आणि तेलाची कुपी आणली. माझ्या प्रत्येक छिद्रात तेल सोडले. खरे सांगते, जेवण झाल्यासारखे वाटले.

पण पुढे जे झाले त्याने माझ्या नाकी नऊ आले. काकांनी पायडल दाबले की चाक उलटे फिरायचे. पायाने चालवणाऱ्या नवशिक्याचे हेच होते. चाक उलटे गेले की दोरा गुंततो आणि तुटतो. काका पुन्हा ओवायचे, पुन्हा तोडायचे. मोठमोठे कोट बिनचूक कापणारा माणूस एका चिंधीपुढे घामाघूम झाला. शेवटी ते ओरडले, "अगं, सरळ चाल ना!" मला म्हणाले की काकूंना, मला कळले नाही.

मुलगी आली तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "बाबा, आधी हातानं चाक पुढे ढकलायचं, मग पाय. आई मला शिकवताना हेच म्हणायची, मशीनला आधी हात दे, मग पाय दे."

"मला कधी सांगितलं नाही तिनं."

"तुम्ही कधी बसलात?"

काका चाकाला हात देऊन बसले. त्या दिवसापासून चिंध्यांवर रोज सराव. शिवण आधी सापासारखी वळायची, मग जरा सरळ झाली. मग एका सकाळी त्यांनी तो झगा माझ्या सुईखाली घेतला आणि काकूंची बगल जिथे थांबली होती, तिथेच सुई टेकवली.

चाक फिरू लागले आणि काकांचे ओठ हलू लागले. आधी नुसते ओठ. माझा ताल तोच होता. मी दुसरा शिकलेच नव्हते. बगल संपेपर्यंत त्यांचा आवाज फुटला. खरखरीत, घशात अडकणारा. पण ओळी जागच्या जागी पडत होत्या. थरथर कापणारे पोर, कड धरणारी बाई, कमरेचा रुमाल. मुलगी आतून धावत आली आणि दारातच थांबली.

बाह्या लावून झाल्यावर काकांनी झगा मोठ्या दिमाखात वर धरला. मुलीने पाहिले आणि तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?"

"बाबा, उजवी बाही डावीकडे आणि डावी उजवीकडे. हा घालणाऱ्यानं उलटं चालायचं का?"

काकांनी झगा न्याहाळला. जन्मभर ज्यांनी बाह्या कापल्या, त्यांनीच त्या उलट्या लावल्या होत्या. ती हसू लागली. आईनंतर पहिल्यांदा. हसता हसता रडली. काकाही हसले, आणि मग दोघे शेजारी बसून बाह्या उसवू लागले.

झगा झाला. कडवे मात्र येईना. तळाची दुमड घालताना येईल असे काकांना वाटत होते. ती संपली, आणि माझे चाक थांबले तरी ते तसेच बसून राहिले.

"ती केव्हातरी म्हणाली असेल," ते म्हणाले. "मीच नीट ऐकलं नाही. आठव ना, तुझ्यासमोर कधी म्हणाली?"

"आईनं ते केलंच नव्हतं बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "मला फोनवर सांगायची ना, पडलेलं कापड कसं गाऊ म्हणून."

काका उठले. "मग मी इतके दिवस काय शोधतोय?" ते छताकडे पाहून म्हणाले. "अर्धं शिवून कुणी माणूस उठवून नेतं का? आम्ही गिऱ्हाइकालासुद्धा असं करत नाही!"

काकांनी झगा टेबलावर पसरला. आणि मग, सवयीने, त्यांचे हात चालू लागले. बाह्या आत घेतल्या. काठाला काठ लावला. तळहाताने दाबले. किती दिवसांनी त्या टेबलावर घडी पडत होती. शेवटची घडी घालताना त्यांचे हात थांबले.

"पोरी, त्या थडग्यात काय सापडलं होतं? कापड पडलं होतं, आणखी काय?"

मुलीने आठवून सांगितले. "डोक्याचा रुमाल वेगळा होता. बाजूला, नीट घडी करून ठेवलेला."

"घडी करून," काका म्हणाले. त्यांनी घडी घातलेल्या झग्यावर दोन्ही हात ठेवले. "मरणातून उठला आणि आधी घडी घातली. मग गेला." ते आधी हसले, मग त्यांचे डोळे भरले. "अगं, तुझा देव तर माझ्यासारखा निघाला."

ते तसेच माझ्यापाशी आले, सुईखाली एक चिंधी धरली आणि चाकाला हात दिला.

पहाटेला कापड ते घडी करून ठेवले;
घाई नव्हती ना तुला, मग तिला का रे नेले?

शनिवारी मास्तर आणि पाळकसाहेब दोघे ऐकायला आले. काकांनी माझ्यावर बसूनच गाणे म्हटले. उभे राहून त्यांना जमत नव्हते. ते थांबल्यावर मास्तर चुळबुळले.

"काका, पहिली ओळ फार सुंदर आहे. पण दुसरी... देवाला जाब विचारल्यासारखी वाटते. मंडळी प्रश्न घेऊन घरी जातील. तेवढी ओळ बदलू या का? 'तिला सुखात ठेवले' असं काही?"

"ठेवलंय का?" काका म्हणाले. "मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"मला जे माहीत आहे तेवढंच गाणार. तो उठला, हे मानतो. घडी घालून गेला, म्हणजे पळाला नाही, त्याला घाई नव्हती, हेही मानतो. मग तिच्या वेळी एवढी घाई का, हे विचारणार. त्यानं आमच्यासारखं अंग घातलं होतं ना? मग आमच्यासारखं बोललेलं त्याला चालेल."

मास्तरांनी पाळकसाहेबांकडे पाहिले. ते हसून म्हणाले, "स्तोत्रं उघडून बघा मास्तर. निम्म्या ठिकाणी माणूस हेच विचारतोय, आणि आपण ते रविवारी मोठ्यानं वाचतो." मग ते काकांकडे वळले. "पण उत्तर आलं नाही तर?"

"येईल तेव्हा येईल," काका म्हणाले. "मलाही घाई नाही. पण विचारायचं सोडणार नाही."

रविवारी काकांनी खिडकी सताड उघडली आणि मला म्हणाले, "ऐक." मग घडी घातलेला झगा हातावर घेऊन ते रस्ता ओलांडून गेले.

मी जागची हलू शकत नाही, पण चर्चची दारे उघडी होती. गाणे सुरू झाले. त्या सगळ्या आवाजांत मला एक खरखरीत आवाज वेगळा ऐकू येत होता. जरा बेसूर, पण तालाला पक्का. तो ताल माझा होता. पाळकसाहेब चर्च सोडून गेले नाहीत. देव गेला असेल असेही मला वाटत नाही.

शेवटची ओळ आली. गायकवृंदाने ती एकदा म्हटली, मग सगळ्या मंडळीने म्हणायची होती. तेव्हा दूधवाल्या आजीचा पातळ आवाज मध्येच उठला. तिने "तिला" म्हटले नाही, "त्याला" म्हटले. मग त्याला का रे नेले? मग आणखी कुणी "त्याला" म्हटले, कुणी "तिला" म्हटले. ज्याचे जे माणूस गेले होते, त्याने ते त्या ओळीत आणले. मास्तरांनी थांबवले नाही. प्रश्न एकच होता आणि आता तो एकट्या काकांचा राहिला नव्हता. गाणे तिथेच संपले आणि कुणीही घाईने खाली बसले नाही.

मित्रांनो, माझे सांगणे एवढेच. तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला तेल द्या, तिच्यावर रद्दी रचू नका. आणि गेलेल्या माणसाचे काम अर्धे राहिले असेल तर त्यावर चादर टाकू नका. हात द्या, मग पाय द्या. दोरा तुटेल, बाही उलटी लागेल. उसवा आणि पुन्हा बसा. देवाला काही विचारायचे असेल तर तेही विचारा, आवाज खरखरीत असला तरी.

हल्ली माझ्यावर रात्री चादर असते, ती धूळ बसू नये म्हणून. सकाळी काका ती काढतात. दारात गिऱ्हाईक उभे असले तरी आधी काठाला काठ जुळवून तिची घडी घालतात, फळीवर ठेवतात आणि मगच माझ्या चाकाला हात देतात.